कमरेजवळचा तुकडा

फोरमनच्या स्वयंपाकघरात मिठाला चमचा नव्हता, पण मांसाची जाडी मोजायला व्हर्नियर कॅलिपर होता. तेलाचा हात दिलेल्या फडक्यात गुंडाळून तो देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवलेला असे. काढायच्या आधी ते हात धूत, ठेवताना पुन्हा धूत. ठोकून पसरलेल्या मांसाला त्याचे जबडे लावत म्हणत, "सा मिलिमीटर. सात झालं तं मधात कच्चं राह्यते, पाच झालं तं चामडं होते. अन् लोकं म्हन्तेत, स्वयंपाक अंदाजानं होते. अंदाजानं फक्त लगन होते बाप्पा."

मी त्यांचा भाडेकरू. यवतमाळात लोहाऱ्याला एमआयडीसीच्या मागच्या अंगाला त्यांचं दोन मजली घर होतं. खाली ते एकटे, वर मी एकटा. मी सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक, अमरावतीहून बदलून आलेला. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी आणि तितक्याच पिढ्या शाकाहार. त्यातली कारकुनी मी निष्ठेने पुढे चालवली.

फोरमन हा त्यांचा हुद्दा. ज्या गिरणीत तो होता ती बंद पडून कैक वर्षं झाली होती, आवारात बाभळी माजल्या होत्या, तरी हुद्दा चालूच होता. दूधवाला, पोस्टमन, शेजारच्या बाया, सगळे त्यांना फोरमनच म्हणत. मूळचे ते बोरी अरबच्या पलीकडच्या एका तांड्यावरचे. मुलगा तिथे शेती बघे. बायको वारल्यावर मुलाने तांड्यावर बोलावलं, तर म्हणाले, "तिथं माही मशीन कुठं हाये?" मशीन म्हणजे पाण्याचा पंप. रोज सकाळी स्क्रूड्रायव्हरचं एक टोक पंपाला आणि दुसरं कानाला लावून ते डोळे मिटून उभे राहत. डॉक्टर छाती तपासताना असतो तसा चेहरा. मग मला वर ओरडून सांगत, "बेअरिंग बोलून राह्यली. आज आंघोळ कमी पान्यात कर."

आणखी एक खोड होती. दिलेला शब्द कोणी चुकवला, तर त्या माणसाला ते दुसऱ्यांदा विचारत नसत. भांडण नाही, शिवी नाही, जाब नाही. एकदा दूधवाला सणाच्या दिवशी सांगूनही आला नाही. दुसऱ्या दिवशी तो दारात घंटी वाजवत उभा, आणि फोरमन त्याच्या समोरच कोरा चहा पिताहेत. "अहो, निदान विचारा तरी का आला नाही," मी म्हटलं. "इचारलं का मानूस कारन सांगते," फोरमन म्हणाले, "अन् कारन तं सगळ्यायजवळ रायतेच." पुढचे आठ महिने आम्ही दोघं कोराच चहा प्यायलो. दूधवाल्याचा मुलगा त्या दिवशी दवाखान्यात होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. फोरमनला नव्हतं, कारण त्यांनी विचारलंच नव्हतं.

तरुणपणी गिरणीने नवी यंत्रं घेतली, तेव्हा ती शिकायला फोरमनला तीन महिने जर्मनीला पाठवलं होतं. "आमचे आजे-पणजे बैलावर मीठ लादून अर्धा देश फिरले," ते सांगत, "मी एकटा विमानात बसून गेलतो, अन् बटाटे उकडाले शिकून आलो." तिथे एका विधवा बाईच्या घरी त्यांची राहायची सोय होती. पहिला आठवडा हा माणूस पावाला सोबत नेलेलं तिखट लावून जगला. बाईच्या ते लक्षात आलं. भाषा दोघांनाही एकमेकांची येत नव्हती. मग तिने काय करावं? रविवारी त्याला स्वयंपाकघरात नेलं, हातात लाकडी हातोडी दिली आणि समोर मांसाचा तुकडा ठेवला. फिटर माणूस. हातोडी कळली. तिथून पुढे दर रविवारी दोघांनी मिळून रांधलं. त्या बाईला ते 'याडी' म्हणत. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. बाईला वाटायचं, हे आपल्या नावाचंच काहीतरी लाडकं रूप असावं.

परत येताना त्यांनी दहाबारा जर्मन शब्द आणले, ते सगळे यंत्राचे नाहीतर चुलीचे. मोटरसायकलवर माझ्या मागे बसले की दर खड्ड्याला "लांगसाम! लांगसाम!" म्हणून खांदा दाबत. म्हणजे हळू. बोल्ट आवळताना आकडे जर्मनमध्ये मोजत. आणि महिन्यातून एका रविवारी मागच्या अंगणात शेगडी मांडून श्निट्झेल, म्हणजे ठोकून पातळ केलेलं, चुऱ्यात घोळवून तळलेलं मांस, आणि कोमट बटाट्याचं सॅलड करत.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला बसलो तेव्हा मोठ्या रुबाबात सांगितलं होतं, "काका, मी सगळं खातो." सगळं म्हणजे कॉलेजात असताना दोनदा अंड्याची भुर्जी. ताटात सोनेरी, हाताच्या पंजाएवढं, पातळ असं काहीतरी आलं. शेजारी बटाट्याच्या चकत्या, ना हळद, ना मिरची, ना फोडणी. मी एक घास घेतला. कुरकुरीत, आतून मऊ, फार छान. पण जिभेला काहीतरी कमी वाटलं आणि माझ्या तोंडून अमरावती बोलून गेली, "काका, थोडं लोणचं मिळेल?"

फोरमननी माझ्यासमोरून ताट उचललं.

"लोनचं? लोनचं कायले पाह्यजे? याडीच्या घरी लोनचं मांगतलं असतं तं तिनं मले बाहेर हाकललं असतं!" पाच मिनिटांनी ताट परत दिलं, वर लिंबाची फोड पिळून. तेवढी सवलत मूळ पाककृतीत होती.

ते मांस कशाचं होतं, हे मी जेवण झाल्यावर विचारलं. आधी विचारायचं धाडस नव्हतं. कळल्यावर त्या प्राण्याचं नाव मात्र मी चार वर्षांत एकदाही उच्चारलं नाही. मी त्याला 'ते' म्हणत असे. "काका, या रविवारी 'ते' आहे का?" फोरमन हसत. "नाव घ्याले लाज वाटते अन् दुसऱ्यांदा वाढून घ्याले नाई वाटत."

हळूहळू मला कामाला लावलं गेलं. तीन परातींची रांग. पहिलीत मैदा, दुसरीत फेटलेलं अंडं, तिसरीत चुरा. चुऱ्यासाठी बेकरीतले चहासोबतचे टोस्ट आणून पाट्यावर जाडसर भरडायचे. "बारीक नको. रेती पाह्यजे, सिमेंट नाई." ठोकलेलं मांस एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जायचं. तिसऱ्या परातीत मी एकदा चुरा नीट बसावा म्हणून तळव्याने दाबला. कढईत टाकल्यावर आवरण असं सुटून आलं, जशी थंडीत झोपलेल्याची कोणी गोधडी ओढावी. फोरमननी ते उघडं पडलेलं मांस झाऱ्यावर धरून मला दाखवलं. "दाबाचं नसते. अंगरखा सैल पाह्यजे, तवा थो फुगते. तू लेका फाइल दाबल्यासारखा दाबते."

बटाट्याचं शास्त्र वेगळं. सालीसकट उकडायचे आणि हातात धरवत नाहीत इतके गरम असताना सोलायचे. थंड झाले की ते रस पीत नाहीत. फोरमन "हा, हा" करत, बटाटा या हातातून त्या हातात झेलत सोलत. चकत्या करून त्यांवर हाडांचा गरम रस्सा, सिरका, वाटलेली मोहरी, बारीक कांदा आणि थोडं तेल. मग झाकून ठेवायचं. हे सॅलड गरमही चालत नाही आणि गारही. ज्या माणसाने मांसाला कॅलिपर लावला, त्याने इथे मात्र कुठलंच यंत्र वापरलं नाही. एक चकती मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवून बघत, तान्ह्या लेकराचं दूध बघतात तशी. "लागलंच नाई पाह्यजे. गरम नाई का थंड नाई. अंगाएवढं." मग म्हणत, "फेर्टिश." झालं.

गिरणीत त्यांनी हा प्रकार पहिल्यांदा डब्यातून नेला होता, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याभोवतीची जागा रिकामी झाली. बसून राहिला तो एकटा गुलाबभाऊ. तो झाडूकाम करायचा. त्याने एक तुकडा खाल्ला, चघळला आणि म्हणाला, "अबे जर्मन्या, मांस तं आमचंच हाये. पन याले सदरा कायले घातला?" तिथून त्यांची जी जमली ती जमली. गिरणी बंद पडल्यावर गुलाबभाऊने बापाचा मांसविक्रीचा धंदा धरला. शहराच्या टोकाला त्याच्या लोकांच्या वस्तीत, एका टिनाच्या छपराखाली तो रविवारी सकाळी बसे. फोरमनसाठी कुठला तुकडा, किती, हे त्याला कधी विचारावं लागलं नाही. फोरमन दिसले की तो ओरडे, "आला बे आला, जर्मनीचा जवाई आला!" आणि फोरमन सगळ्यांदेखत त्याला अशा शिव्या घालत की मी मोटरसायकलवर दूर उभा असूनही इकडेतिकडे बघे.

हो, मी दूर उभा राहत असे. फोरमनना गल्लीच्या तोंडाशी सोडायचं, आणि मग पानठेल्याजवळ मोबाइलमध्ये डोकं घालून उभं राहायचं. आत कधी गेलो नाही. खायला पुढे आणि आणायला मागे, असं माझं एकूण धोरण होतं.

आता माझ्या आयुष्यातलं एकमेव सत्कृत्य सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यातूनच निघालं. फोरमनजवळ याडीसोबतचा एक जुना फोटो होता. मागे त्या गावाचं नाव लिहिलेलं. मी तो फेसबुकवर त्या गावाच्या एका गटात टाकला. दोन आठवड्यांनी एका मुलीचं उत्तर आलं, ही माझी आजी आहे. आजी जिवंत आहे, नव्वदी ओलांडली आहे, आणि विचारते आहे की तो भारतीय मुलगा अजून बटाटे हातात झेलतो का.

मी ते वाचून दाखवलं तेव्हा फोरमन पंपाजवळ होते. ते बराच वेळ स्क्रूड्रायव्हर कानाला लावून उभे राहिले. पंप बंद होता.

ठरलं असं: रविवारी आपल्या साडेचारला, त्यांच्याकडच्या बारा वाजता, व्हिडिओ कॉलवर याडीच्या डोळ्यांदेखत फोरमन श्निट्झेल करणार. नात जर्मनचं इंग्रजी करणार, मी इंग्रजीचं मराठी. फोरमननी पंधरा दिवस आधी गुलाबभाऊला सांगितलं. मी अर्थात गल्लीच्या तोंडाशी होतो, तरी ऐकू आलं, इतके दोघं ओरडून बोलत होते.

"कमरेजवळचा तुकडा पाह्यजे. हाड काढून. याडी पाहून राह्यली!"

"अबे, तुह्या याडीसाठी मी सोता कापीन. दुसऱ्याचा हात लागू देनार नाई. तू नुस्ता ये."

त्याच पंधरवड्यात माझं लग्न जुळत होतं. मुलगी यवतमाळचीच, वडील एका कचेरीत मुख्य लिपिक. बघण्याच्या कार्यक्रमात त्यांनी मला विचारलं होतं, "आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही. तुमचं?" आणि मी, ज्याच्या पोटात तेव्हा आठ दिवसांपूर्वीचं श्निट्झेल असेल नसेल, म्हणालो होतो, "आमच्याकडेही नाही. मला तर वासही सहन होत नाही." माझी आई माझ्याकडे अभिमानाने बघत होती.

तो रविवार उजाडला. फोरमन सकाळपासून हाडांचा रस्सा उकळत बसले होते, आचेवरून उठायला तयार नव्हते. मला स्टीलचा डबा दिला. "तू जा. गुलाब ठेवून असन. काई बोलाचं नाई, डबा देजो फक्त."

मी मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी लावली. टिनाचं छप्पर तिथून पन्नास पावलांवर. गुलाबभाऊ दिसत होते, पांढरा सदरा घातलेले, खास आजच्यासाठी असावा. मी डबा हातात घेतला, दोन पावलं टाकली, आणि मागून आवाज आला.

"अरे वा! तुम्ही इकडे कुठे?"

भावी सासरे. स्कूटर पंक्चर झालेली, पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर बसलेले, थेट गल्लीच्या समोर.

माणसाचं डोकं अशा वेळी किती वेगाने चालतं आणि किती चुकीच्या दिशेने, याचं मला आजही नवल वाटतं. मी म्हणालो, "देवळात."

"इकडे देऊळ आहे?"

"मारुतीचं."

"असं! आणि डब्यात?"

"रिकामा आहे. प्रसाद आणायला."

"मग चला की, मीही येतो. पंक्चरला वेळच आहे."

पुढचा पाऊण तास मी माझ्या भावी सासऱ्यांना घेऊन त्या भागात मारुती शोधत हिंडलो. विदर्भात मारुतीची कमतरता नाही, पण त्या दिवशी तो कुठेतरी दडून बसला होता. शेवटी नाल्यापलीकडे एक सापडला. कुलूपबंद. सासऱ्यांनी बाहेरूनच हात जोडले आणि माझ्या रिकाम्या डब्याकडे बघून म्हणाले, "प्रसाद आमच्याकडे घ्या." मग त्यांच्या घरी पोहे, मग चहा, मग त्यांच्या बदल्यांचा इतिहास. मुलगी दोनदा पाणी द्यायला आली. डब्यात त्यांनी आग्रहाने शिरा भरून दिला.

बाहेर पडलो तेव्हा एक वाजून गेला होता. अजूनही गुलाबभाऊकडे जाता आलं असतं. दहा मिनिटांचा रस्ता. पण पंक्चरवाला मला ओळखत होता, पानठेलेवाला ओळखत होता, आणि मला वाटत होतं की अख्खं यवतमाळ आज माझा डबा बघायला रस्त्यावर उतरलं आहे. मी बायपासवर अनोळखी दुकानातून कोंबडीची छाती घेतली, पिशवीत.

फोरमन फाटकातच उभे होते. त्यांनी पिशवीत बघितलं.

"हे काय व्हय?"

"ते मिळालं नाही, काका."

"काहून? गुलाब नव्हता?"

इथे 'नव्हता' म्हणालो असतो तर ते काळजीने धावत गेले असते. म्हणून मी म्हणालो, "होते."

"मंग?"

"दुसऱ्या कोणाला तरी दिलं म्हणाले. संपलं."

एवढंच. यापेक्षा मोठी खोटी विधानं मी रजेच्या अर्जात रोज करत होतो. फोरमननी पुढे एक शब्द विचारला नाही. पिशवी घेतली, आत गेले आणि हात धुवून कॅलिपर काढला.

साडेचारला याडी पडद्यावर आली. इवलीशी, गळ्याभोवती रुमाल. फोरमननी हात जोडले, आणि दोघं एकमेकांकडे नुसते बघत हसत राहिले. शेवटी नात म्हणाली, सुरू करा. फोरमननी तीन पराती मांडल्या. मैदा, अंडं, चुरा. याडी काहीतरी बोलली. नातीने सांगितलं, मांस फिकं दिसतंय, असं आजी म्हणते.

"तिले सांग," फोरमन कढईवरून नजर न काढता मला म्हणाले, "कोंबडी हाये. सांग, माह्या दोस्तानं धोका देल्ला."

मी मोबाइल धरून उभा. माझंच खोटं मला माझ्याच तोंडाने इंग्रजीत घालायचं होतं. आणि मी काय केलं? आणखी एक केलं. इंग्रजीत म्हणालो, आज बाजार बंद होता.

याडी खळखळून हसली. म्हणाली, मी तर आता टर्कीचंच करते, डॉक्टरने सांगितलंय. मांसाचं राहू दे, बटाटे दाखव. फोरमननी वाडगं पुढे केलं. तिने विचारलं, कोमट आहे ना? फोरमननी एक चकती मनगटावर ठेवली आणि मनगट मोबाइलजवळ नेलं, जणू तिकडून तिलाही कळणार होतं. तिने पडद्याकडे बोट आणलं. दोघांनी एकदम म्हटलं, "फेर्टिश."

म्हणजे ज्या गोष्टीची मला धास्ती होती, ती घडलीच नाही. याडीला डुक्कर हवं होतं की कोंबडी, हा प्रश्नच नव्हता. मी रात्री समाधानाने झोपलो. मी किती लहान गोष्ट मोडली असं मला वाटत होतं!

सोमवारी सकाळी कचेरीला निघालो तर फाटकात गुलाबभाऊ. इतक्या वर्षांत ते या घरी कधी आले नव्हते. त्यांची भेट टिनाखालीच. कालचाच पांढरा सदरा. हातात पळसाच्या पानात बांधलेलं, वरून ओलं कापड गुंडाळलेलं पुडकं.

"नमस्कार साहेब. काल लय वाट पाह्यली. फोरमनची तब्येत तं ठीक हाये ना? तुकडा मीठ लावून ठेवला होता. म्हटलं, खराब होऊ नाई."

मी आत गेलो. फोरमन ओट्याजवळ उभे होते, खिडकीतून त्यांना फाटक दिसत होतं. पुडकंही दिसलं असेल. पण त्यांनी पाठ फिरवली. "सांग, घरी नाई."

"काका, ते..."

"घरी नाई म्हन."

त्या ओट्यापासून फाटकापर्यंत वीस पावलं होती. वीस पावलांत मी वीसदा ठरवलं की आता सांगायचं. यांना सांगायचं, त्यांना सांगायचं, काय होईल, फार तर लग्न मोडेल. फाटकाशी पोचलो आणि म्हणालो, "घरी नाहीत."

गुलाबभाऊंनी माझ्या मागे बघितलं. दारात फोरमनच्या चपला होत्या. स्वयंपाकघरातून त्यांच्या खोकल्याचा आवाज आला. गुलाबभाऊंनी पुडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"बरं," ते म्हणाले, आणि गेले.

लग्न पुढच्याच महिन्यात फिसकटलं. त्यांना बँकेतला मुलगा मिळाला. ज्या सासऱ्यांसाठी मी नाल्यापलीकडचा मारुती शोधला, ते माझे सासरे झालेच नाहीत. आता बोलायला कसलीच अडचण उरली नव्हती. आणि तरीही मी बोललो नाही. आज सांगू, उद्या सांगू. दिवस जितके जास्त जात, तितकं सांगणं जड होई. फोरमननी अंगणातली शेगडी उचलून जिन्याखाली ठेवली. दुसरीकडून मांस मिळालं असतं, त्यांनी आणलं नाही. रविवारी आम्ही वरण-भात खात असू. गुलाबभाऊचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण कधी जेवताना मध्येच थांबून म्हणत, "तीस वर्ष." मी भाताकडे बघे.

दीड वर्षाने माझी बाभुळगावला बदली झाली. सामान बांधलं त्या रविवारी सकाळी मी मोटरसायकल काढली आणि पहिल्यांदा गल्लीत शेवटपर्यंत आत गेलो. गिऱ्हाईक ओसरलं होतं. गुलाबभाऊ सुरी धारेला लावत होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मारुती, पोहे, शिरा, कोंबडी. मला वाटलं होतं, ते सुरी घेऊन मागे लागतील, आणि खरं सांगायचं तर तशी तयारीही होती.

"मले मालूम हाये," ते म्हणाले.

"काय?"

"तुमी आलते. डबा घेऊन. मंग त्या साहेबायसंगं वापस गेलते. मी इथूनच पाह्यलं. तुमाले लाज वाटली. थे समजते मले. रोजच पाहतो मी."

"मग तुम्ही काकांना का नाही सांगितलं?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. "काहून सांगाचं? तुमी खोटं बोलले. तुमी काल आलेले मानूस. पन त्यानं मानलं कसं? तीस वर्षात गुलाबनं एकदा तरी त्याचा तुकडा दुसऱ्याले देल्ला होता का? एक डाव येऊन इचारतं. शिवी देऊन इचारतं. मी घरी गेलतो त्याच्या. चपला होत्या दारात."

"चला माझ्यासोबत. मी त्यांच्यासमोर सांगतो."

"सांगा तुमी. मी नाई येत."

घरी येऊन मी फोरमनना सांगितलं. ते ओट्याला टेकून ऐकत होते. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. आयुष्यात प्रथमच त्यांना मी असं विचारताना बघितलं.

"सोमवारी थो तुकडा घेऊन आलता?"

"हो."

"अन् मी घरात होतो."

हा प्रश्न नव्हता, तरी मी "हो" म्हणालो.

पुढच्या रविवारी मी बाभुळगावहून मुद्दाम आलो. फोरमन धुतलेले कपडे घालून तयारच होते. मी त्यांना गल्लीच्या तोंडाशी सोडलं नाही, आत नेलं. टिनासमोर पाचसहा माणसं होती. फोरमन रांगेत शेवटी उभे राहिले. गुलाबभाऊंनी वर बघितलं, ओळखलं आणि पुढच्याचं मांस कापू लागले. मी शेजारी उभा होतो, सगळ्या यवतमाळला दिसेल असा. त्या दिवशी माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

फोरमनची पाळी आली.

"किती देऊ?" गुलाबभाऊंनी विचारलं.

फोरमन गडबडले. या प्रश्नाचं उत्तर त्यांना कधी द्यावंच लागलं नव्हतं. "अर्धा किलो," ते कसेबसे म्हणाले. मग म्हणाले, "गुलाब, चुकलं माहं."

गुलाबभाऊंनी मान हलवली. कमरेजवळचाच तुकडा काढला, हाड वेगळं केलं, नीट बांधून दिला. फोरमन पुडकं घेऊन बाजूला उभे राहिले, पण निघाले नाहीत. मागून आलेलं एकेक गिऱ्हाईक गेलं. ऊन टिनावर चढलं. गुलाबभाऊ मांस कापायचा ओंडका धुवायला उठले, तसे फोरमन पुढे झाले, पुडकं माझ्या हातात दिलं आणि बादलीतला मग उचलून पाणी ओतायला वाकले.

गुलाबभाऊंनी त्यांच्या हातातून मग अलगद काढून घेतला.

"राहू द्या साहेब," ते म्हणाले. "तुमचे कपडे खराब होतीन."